दापोलीत दिवाळीपर्यंत राहिल्यावरचा अनुभव: खोली, मेस, एसटी आणि ओल्या कपड्यांचं वजन

लॉन्ड्रीत वजनावरून वाद झाला, म्हणून लिहायला बसले. पण नुसतं लॉन्ड्रीवर लिहिलं तर गावावर अन्याय होईल, तेव्हा सगळंच लिहिते. विद्यापीठ, थंड हवा, मुरूड-कर्दे, हर्णै हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर काही लिहीत नाही. बाहेरून शिकायला येऊन इथे खोली करून राहायचं तर रोजच्या रोज काय लागतं आणि काय मिळतं, तेवढंच सांगते.

मी परभणी जिल्ह्यातली. जानेवारीत पीएच.डी.साठी आले. अकोला, परभणी, राहुरी आणि दापोली अशी राज्यात चार कृषी विद्यापीठं, त्यामुळे एकीकडे पदवी आणि दुसरीकडे पुढचं शिक्षण घेणारी मुलं पुष्कळ. माझ्याच आळीत यवतमाळची एक, सोलापूरच्या दोघी आणि अकोल्याची एक राहते. सगळ्या कोरड्या मुलखातल्या. हे आत्ताच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

खोली केळसकर नाक्यापासून चालत जाण्यासारखी. कौलारू घर, पुढे पडवी, मागे विहीर. दोघींत साडेतीन हजार भाडं, लाइटबिल वेगळं. या भाड्यात पुण्यात कॉटसुद्धा मिळत नाही. घरमालकीण काकूंनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बजावल्या: नळाचं पाणी भरून ठेवायचं आणि विहिरीवर चप्पल घालून जायचं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये मला वाटायचं, याहून चांगलं गाव नाही. रात्री पांघरूण लागायचं, सकाळी प्रयोगाच्या प्लॉटवर जाताना धुकं असायचं. शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा काकूंनी मलाही ओटी भरायला बोलावलं.

मेसबद्दल लगेच सांगते, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. भात भरपूर, भाकरी तांदळाची. ज्वारीची भाकरी हवी असेल तर घाटावरच्या मुलांना डबा देणाऱ्या एक मावशी आहेत, त्यांच्याकडे आदल्या दिवशी सांगावं लागतं. भाजी महाग, कारण बरीचशी घाटावरून येते, आणि पावसात गाड्या अडकल्या की बाजारात कांदा-बटाटाच उरतो. मासे खाणाऱ्यांनी जून-जुलै धरू नये. 1 जून ते 31 जुलै किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, तेव्हा मेसमध्ये सुकट आणि बोंबील. मी शाकाहारी, मला काही फरक पडला नाही, पण खोलीतल्या मैत्रिणीने ऑगस्टची वाट पाहत दिवस काढले. आंबा मात्र इथेच खावा. मेमध्ये डागी हापूस इतका स्वस्त मिळतो की परभणीत कोणाला खरं वाटत नाही. विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्राने काढलेला 1981 चा रत्ना आणि 1992 चा सिंधू मी तोवर फक्त परीक्षेत लिहिला होता. इथे झाडाखाली उभं राहून खाल्ला. सिंधूची कोय पातळ म्हणून वाचलं होतं, हातात आली तेव्हा खरोखर चपटी आणि नखाएवढ्या जाडीची.

एसटी चांगली आहे. खेड स्टेशनपासून तीसेक किलोमीटर, दिवसा गाडी मिळते. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे घरी जाणं परवडतं. रात्री उशिरा खेडला उतरू नका, एवढंच.

आता पावसाळा. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडे नऊशे झाला तर बरं वर्ष. आकडा माहीत असणं आणि त्यात राहणं यात फार अंतर आहे. मिरगाचा पाऊस लागला आणि पहिल्याच आठवड्यात चामड्याच्या पट्ट्याला बुरशी आली. मग वह्यांची पानं मऊ पडली. मग कपडे. दोरीवर टाकलेला सुती ड्रेस चौथ्या दिवशीही काखेत आणि नाड्याच्या शिवणीत ओला, आणि त्याला जो वास येतो तो पुन्हा धुतला तरी जात नाही. भिजून प्लॉटवरून यायचं, ओलेच कपडे काढायचे आणि ओलेच घालायचे. मैत्रिणीला मांड्यांवर गजकर्ण झालं. डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, कपडे पूर्ण वाळलेलेच घाला. कसे वाळवायचे ते त्यांनाही सांगता आलं नाही.

दापोलीतल्या विद्यार्थ्यांचा खरा प्रश्न वायफाय नाही आणि मेसही नाही, कपडे वाळणं आहे. खोली बघायला जाल तेव्हा संडास-बाथरूम बघता तशी पडवी बघा. झड आत येते का, वारा खेळतो का, दोरी बांधायला हुक आहेत का, हे विचारा. दोनशे रुपये जास्त गेले तरी पडवीवाली खोली घ्या.

आमच्या काकूंनी जूनमध्येच पडवीला नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं लावून घेतली होती. त्याच्या आत आमच्या दोऱ्या. मागच्या स्वयंपाकघरात अजून चूल आहे, अंघोळीचं पाणी तिच्यावर तापतं. चुलीच्या वर बांबूची चौकट टांगलेली. तिच्यावर काकू आमचे आतले कपडे आणि मोजे टाकू द्यायच्या. धुराचा वास यायचा, पण कोरडे व्हायचे. "बायो, संध्याकाळी काढून ने गो, रात्री उंदीर येतात," हे रोजचं. जुलै आम्ही या चुलीवर काढला.

गणपतीला काकूंकडे मुंबईहून सगळं घर येतं. पडवीत माणसं झोपणार, चुलीवर दिवसभर स्वयंपाक. आम्ही दोऱ्या सोडल्या. तक्रार नाही, उलट पाचही दिवस आरतीला आम्ही होतो आणि उकडीचे मोदक वळायला काकूंच्या सुनेने शिकवलं. पण कपड्यांचं काय? तेव्हा पहिल्यांदा बाजारातल्या लॉन्ड्रीत गेले. त्यांच्याकडे मोठा ड्रायर आहे. धुणं आपण घरी धुवायचं, ते फक्त वाळवून देतात, किलोला चाळीस रुपये. पहिल्यांदा कपडे हातात मिळाले तेव्हा गालाला लावून बघितले, इतके कोरडे आणि गरम. ज्याने कोकणातला पावसाळा काढलेला नाही त्याला हे कळणार नाही. त्या दिवशी मी या दुकानाला पाचपैकी पाच दिले असते.

दुसऱ्या खेपेला काउंटरजवळ उभी राहिले आणि सगळा प्रकार दिसला. आपली ओली पिशवी आली की आधी काट्यावर. पाणी खाली टपकत असतं तरी तेच वजन पावतीवर. मग तेच कपडे कोपऱ्यातल्या स्पिनरमध्ये. स्पिनर फिरला की नळीतून बादलीत धो धो पाणी पडतं. मग ड्रायर. म्हणजे जे पाणी स्पिनरने दोन-तीन मिनिटांत गटारात घालवलं, त्याचेही आपण किलोमागे चाळीस रुपये मोजले. ते पाणी ड्रायरपर्यंत गेलेलंच नाही.

मी म्हटलं, "दादा, आधी पिळून घ्या आणि मग वजन करा."

ते म्हणाले, "ताई, ओलं असलं की मशीन जास्त वेळ चालतं. लाइटबिल कोण भरणार?"

"पण हे पाणी मशीनमध्ये जातंच कुठे?"

"आमच्याकडे असंच चालतं. नको असेल तर घेऊन जा."

कपडे ठेवले, कारण दुसरा इलाज नव्हता. पण मला झोप लागेना. कारण सांगते. माझे वडील सोयाबीन करतात. हमीभावाने द्यायचं तर मॉइश्चर 12 टक्क्यांच्या आत लागतं. 2024 च्या हंगामात भरपूर ओरड झाल्यावर ते 15 टक्क्यांपर्यंत चालेल असं केंद्राने सांगितलं. भाताला 17 टक्के. त्याच्या वर गेलं की माल परत, नाहीतर बाजारात पडेल भावाने. वडिलांनी रस्त्यावर सोयाबीन पसरून पाय भाजून घेतले आहेत, कशासाठी, तर ओलीचे पैसे व्यापारी देणार नाही म्हणून. ओलीचा तोटा नेहमी आमच्या बाजूला. आणि इथे मी गिऱ्हाईक, पैसे देणारी, तर ओल पुन्हा माझ्याच वजनात. विकताना पाणी वजा आणि वाळवताना पाणी जमा, हे मला मान्य नाही.

आमच्या विषयात रोपाचं कोरडं वजन काढताना नमुना ओव्हनमध्ये ठेवून वजन स्थिर होईपर्यंत वाळवतात. ओलं वजन आणि कोरडं वजन यातला फरक आम्ही रोज मोजतो, तर चादरीचा का नाही? विभागातला काटा यासाठी वापरणं बरोबर नव्हतं, म्हणून डबेवाल्या मावशींचा किराणा मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला. कोरडी सुती चादर 600 ग्रॅम. धुऊन दोघींनी दोन टोकांना धरून पिळली, तेव्हा 1,350. अकोल्याच्या मैत्रिणीच्या घरमालकांकडे स्पिनरवालं मशीन आहे, त्यात फिरवून आणली, 880. म्हणजे 470 ग्रॅम पाणी नुसतं फिरवून गेलं. चाळीसच्या दराने एका चादरीमागे जवळजवळ एकोणीस रुपये. नायलॉनची ओढणीही मोजली. ती पाणी धरतच नाही, फरक नगण्य. म्हणजे हा भुर्दंड सुती घालणाऱ्यांना, आणि प्लॉटवर उन्हा-पावसात काम करणारी मुलं सुतीच घालतात.

त्यांचं लाइटबिलाचं म्हणणं मी सोडून दिलं नाही, तेही मांडून बघितलं. एक लिटर पाण्याची वाफ करायची तर किमान 0.63 युनिट वीज लागतेच, त्याला इलाज नाही. ड्रायरमधून उष्णता बाहेर जाते, म्हणून दुप्पट धरा. चादरीत स्पिनरनंतर 280 ग्रॅम पाणी उरतं, म्हणजे अर्ध्या युनिटच्याही आत. दुकानाचं भाडं, माणूस, मशीनचा हप्ता आहे, चाळीस रुपये दराबद्दल माझी तक्रार नाहीच. पन्नास घ्या. पण ड्रायरमध्ये जातं त्याचे घ्या.

हे आकडे कागदावर लिहून आम्ही पाचजणी दुकानात गेलो. सोलापूरची आवाजाने मोठी आहे, तिला गप्प राहायला सांगितलं होतं. दादांनी कागद घेतला, बाजूला ठेवला, गिऱ्हाईक करत राहिले. गर्दी ओसरल्यावर वाचला. म्हणाले, "बघतो." काट्याचं तोंड त्यांच्याकडे होतं, ते आमच्याकडे फिरवायला सांगितलं. तेही "बघतो". काट्यावर वैधमापनचा शिक्का आहे, तो मी बघून घेतला. म्हणजे काटा खरा, खोट पद्धतीत.

इथवर घटस्थापनेच्या आधी लिहून ठेवलं होतं आणि गाव साडेतीन, लॉन्ड्री दोन, असे गुण दिले होते. आता बदलते.

दसऱ्यानंतर गेले तर भिंतीवर नवा कागद: "वजन स्पिनरनंतर. किलो 50 रु." काटा फिरवलेला. दादांनी आमच्यासमोर पिशवी स्पिनरमध्ये टाकली, फिरवली, मग काट्यावर ठेवली. माझी चादर आणि दोन ड्रेस, पूर्वीच्या हिशोबापेक्षा पैसे कमी झाले, पण फार नाही. ज्यांचे कपडे टेरिकॉट-नायलॉनचे त्यांचे उलट थोडे वाढले, आणि एक मुलगा माझ्यासमोरच कुरकुरला. त्याला सांगितलं, तुझे कपडे पंख्याखाली रात्रीत वाळतात, तू इथे आणूच नको. दादा एवढंच म्हणाले, "ताई, मला पण बरं. आता माणसं आधी नीट पिळून आणतात, मशीन कमी चालतं." हा विचार मीही केला नव्हता. ओल्या वजनावर पैसे घेतले तरी लोक पिळतील असं वाटतं, पण पावती ते स्वतः बघत नव्हते. काटा समोर आल्यावर बघायला लागले.

म्हणून लॉन्ड्रीला आता चार. एक कापला तो वीज गेल्यावर फोन न करण्याबद्दल. परतीच्या पावसात दोन दिवस वीज नव्हती, कपडे स्पिनरमधून काढून तसेच पिशवीत पडून राहिले आणि कुबट झाले. एवढे विद्यार्थी मोबाइल नंबर देतात, एक निरोप टाकायला काय हरकत आहे? वीज येणं-जाणं त्यांच्या हातात नाही, निरोप आहे.

गावाला साडेचार. अर्धा भाजीच्या भावाचा.

पुढच्या वर्षी येणाऱ्यांनी जाड टर्किश टॉवेल घरीच ठेवावा, दोन पंचे आणावेत. जीन्स एकच. डबे झाकणाचे, आणि चामड्याचं काही नको. सामायिक स्पिनर घेता येईल का याची चौकशी आम्ही पाचजणींनी सुरू केली आहे. पास होऊन जाणाऱ्या एका सीनियरकडे जुना आहे, भाव अजून उतरत नाही. आता ऑक्टोबरचं ऊन पडलंय आणि ड्रायर नुसता उभा आहे, त्यामुळे भिंतीवरच्या कागदाची खरी परीक्षा जूनमध्ये. मिरगाच्या आठवड्यात जाऊन बघेन आणि काटा पुन्हा फिरला असेल तर इथेच लिहीन.