पेसर: वकिलाशिवाय अपील करणाऱ्याला कितपत कामाचं?

अमेरिकेतल्या फेडरल कोर्टांचे कागद घरबसल्या दाखवणारी सरकारी सेवा म्हणजे पेसर. वंश आणि अपंगत्वावरून झालेल्या भेदभावाचा दावा फेटाळला गेलाय आणि अपील स्वतःच चालवायचंय, त्यांना हिच्याशिवाय गत्यंतर नाही. दिसायला मात्र जुनाट आहे.

पैशाचं चीज होतं ते डॉकेट शीटवर, म्हणजे प्रकरणातल्या सगळ्या नोंदींच्या यादीवर. प्रत्येक नोंदीच्या शेवटी कंसात 'एंटर्ड' आणि तारीख असते. निकालावर न्यायाधीशांनी आधी सही केली असली, तरी अपिलाचे ३० दिवस या तारखेपासून मोजायचे. प्रतिवादी फेडरल सरकार असेल तर ६०. नोटीस ऑफ अपील, म्हणजे अपील करत असल्याची सूचना, जेमतेम पान-दीड पानाची. ती दावा फेटाळणाऱ्या कोर्टातच द्यायची, वरच्या कोर्टात नाही. फी ६०५ डॉलर, ऐपत नसेल तर माफीचा अर्ज करता येतो. फेडरल दिवाणी कार्यपद्धतीच्या नियम ५९(ई)खाली फेरविचाराचा अर्ज २८ दिवसांत गेला, तर अपिलाची मुदत त्यावरच्या आदेशापासून सुरू होते. २९व्या दिवशी गेला तर मूळ मुदत चालूच राहते, आणि हे २८ दिवस कोर्टही वाढवून देत नाही.

दर पानाला १० सेंट, एका कागदाला फार तर ३ डॉलर. तिमाहीचं बिल ३० डॉलरच्या आत राहिलं तर माफ. निकालपत्रं फुकट. नावाने शोध घेताना जपून: त्या यादीच्या पानांचेही पैसे पडतात आणि तिथे ३ डॉलरची मर्यादा नाही. ब्राउझरला 'रीकॅप' हे फुकट एक्स्टेन्शन जोडा, दुसऱ्या कुणी आधी उतरवलेला कागद फुकट मिळतो.

मोठी उणीव म्हणजे कागदांतल्या मजकुरात शोध घेता येत नाही. आपल्यासारखी प्रकरणं कोर्टलिसनर या फुकट संकेतस्थळावर शोधावीत. प्राथमिक टप्प्यातच पूर्ण पुरावा मागून दावा फेटाळला असेल, तर तक्रारीत तेवढं लागत नाही असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा २००२चा स्विएरकिविझ निकाल आधी वाचा. 'मी भारतीय वंशाचा' एवढं कलम १९८१ला (करार आणि नोकरीतल्या वांशिक भेदभावाविरुद्धचा फेडरल कायदा) पुरतं का, याचं उत्तर १९८७च्या सेंट फ्रान्सिस कॉलेज निकालात आहे: पूर्वज आणि वांशिक वैशिष्ट्यांवरून केलेला भेदभावही त्यात येतो.

ब्रीफ, म्हणजे अपिलातला लेखी युक्तिवाद, लिहायला बसण्याआधी डॉकेटवरची पहिली नोंद उघडा. तक्रारीखाली जोडपत्रं १, २, ३ अशी वेगळी दिसतात. ईईओसीचं (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी बघणारा फेडरल आयोग) दावा करण्याच्या परवानगीचं पत्र आणि डॉक्टरांचे कागद खरंच तिथे आहेत का, एकेक उघडून बघा. खालच्या कोर्टात दाखल न झालेला कागद अपिलात सहसा बघत नाहीत.