२०० ग्रॅम भरणाची घोड्याची झूल: निफाडच्या थंडीत तीन हिवाळे वापरून

२६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट निफाड तालुक्यातला कुठलाच द्राक्षवाला विसरणार नाही. आमचीही बाग झोडपली गेली. सगळे बागेकडे धावले आणि चांदणी, आमची मारवाडी घोडी, उघड्यावर दाव्याला तशीच राहिली. आदल्या वर्षीच सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली, अंगाने सडपातळ. अंधार पडल्यावर पाहिलं तर नखशिखांत भिजलेली आणि थरथर कापत होती. सासरे आणि मी गोणपाटाने तिला पुसत बसलो. कान गरम लागायला रात्रीचे दोन वाजले. त्याच आठवड्यात मी ही झूल ऑनलाइन मागवली.

याच कापडाची झूल बाजारात बऱ्याच नावांनी मिळते, म्हणून नावापेक्षा कापडाबद्दलच लिहिते. बाहेरून १२०० डेनियरचं (म्हणजे जाड धाग्याचं), पाणी न शिरणारं कापड. आत दर चौरस मीटरला २०० ग्रॅम पॉलिएस्टरचं भरण आणि गुळगुळीत अस्तर. छातीवर दोन बकलं, पोटाखालून दोन तिरके पट्टे, शेपटीवर झाकण. मला ६,४०० रुपयांना पडली.

पावसाला ही झूल खरंच टिकते. पहिले दोन हिवाळे अवकाळीच्या सरी आल्या तरी आतून पाठ कोरडी ठणठणीत. घोड्याच्या दृष्टीने हे फार मोठं काम आहे. थंडीत घोड्याचे केस उभे राहतात, त्यांच्यात हवा धरून राहते आणि तीच त्याची दुलई असते. पावसाने केस अंगाला चिकटले की ती दुलई गेली. म्हणून कोरड्या थंडीत मजेत उभं राहणारं जनावर ओल्या वाऱ्यात कुडकुडतं. कापडही मजबूत आहे. चांदणी बाभळीच्या खांबाला अंग घासते, तरी तीन वर्षांत एकच चीर पडली.

माझी तक्रार भरणाची आहे, आणि चूक निवडीत माझीच झाली. अशी झूल दिवसभर थंड असणाऱ्या मुलखासाठी बनते. आमच्याकडे तसं नसतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पहाटे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी आपण सावली शोधतो. पहिल्या हिवाळ्यात एकदा साडेअकरापर्यंत झूल तशीच राहिली. आत हात घातला तर खांद्यामागे घामाचा चिकचिकाट. ओलं अंग, वर झूल आणि संध्याकाळी पुन्हा गारठा, यातून कातडीला खपल्या धरतात. आम्हालाही तेव्हा पंधरा दिवस खपल्या काढत बसावं लागलं. आता नऊच्या आत झूल उतरते, म्हणजे उतरतेच. घरात रोज वेळेवर ते करणारं माणूस नसेल तर ही झूल घेऊ नका.

मापाचंही तसंच. छातीच्या मध्यापासून कुशीवरून शेपटीच्या मुळापर्यंत टेप धरायची. चांदणीचं माप ६ फूट भरलं. मी जरा सैल असावी म्हणून ६ फूट ३ इंची मागवली. ती रात्रीतून मागे सरकायची आणि खांद्यावर ओढ बसायची. आठवड्यात दोन्ही खांद्यांचे केस गेले. विक्रेत्याला फोटो पाठवून माप बदलून मागितलं, त्यांचं उत्तर अजून यायचंय. शेवटी गावातल्या शिंप्याकडून छातीवर एक चुणी घेतली आणि खांद्याच्या जागी जुन्या मऊ साडीचं अस्तर लावलं. केस पुन्हा आले.

धुण्याबद्दल आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी दुसऱ्या हिवाळ्यानंतर कपड्यांच्या पावडरीत भिजवली. त्या पावडरीने वरचा पाणी झटकणारा थर जातो. या हिवाळ्यात पाठीच्या शिवणीतून पाणी झिरपू लागलं. ब्रशने सुकी झाडायची, डाग साध्या पाण्याने पुसायचे, एवढंच पुरतं.

सासरे तिला आधीपासून घोंगडी घालायचे, काळ्या लोकरीची, मागावर विणलेली. मला ती जुनाट पद्धत वाटायची. आता माझं मत पूर्ण बदललंय. लोकर घाम शोषून घेते आणि जरा दमट झाली तरी ऊब सोडत नाही. नवी घोंगडी चिंचोक्याच्या खळीमुळे टोचते, पण ती दोनदा पाण्यातून काढली की मऊ पडते. फक्त सरळ पावसात भिजली तर इतकी जड होते की घोडी दबून उभी राहते. म्हणून यंदा मी बिनभरणाचं नुसतं पावसाळी कापड घेणार आहे. कोरड्या रात्री एकटी घोंगडी, पाऊस असला तर तिच्यावर ते कापड.

आणि झुलीच्या आधी वैरण. सासरे म्हणतात, जनावराची शेकोटी पोटात असते. ते शब्दशः खरं आहे. कडबा, वाळलं गवत आतड्यात आंबतं, त्यातूनच अंग तापतं. गारठ्याच्या रात्री आम्ही चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, वाढवत नाही, निजायच्या आधी दीड-दोन किलो वाळलं गवत जास्त टाकतो. पाणीही बघावं लागतं. रात्रभर गारठलेल्या हौदातलं पाणी घोडी कमी पिते, त्यावर कोरडा कडबा, मग पोट दुखायला वेळ लागत नाही. पहाटे विहिरीचं पाणी कोमट असतं. मोटर लावून तेच ताजं देतो. शिवाय मिठाचा खडा गव्हाणीत कायम.

झुलीचा एक धोका कोणी सांगत नाही: ती अंगावर असली की घोडी रोडावलेली दिसत नाही. दुसऱ्या हिवाळ्यात चांदणीच्या बरगड्या माझ्या हाताला लागल्या तेव्हा जानेवारी अर्धा सरला होता. तेव्हापासून सकाळी झूल काढली की आधी खरारा, मग बरगड्यांवरून तळहात, मग चारही खूर उचलून आतली घाण काढायची.

पाचपैकी तीन तारे देते. तिन्ही पावसासाठी. बागेत थंडीच्या शेकोट्या पेटल्या की चांदणीला धुरापासून लांब, विहिरीपलीकडे बांधतो. तिथे छप्पर नाही, आणि तिथे अजूनही हीच झूल, शिवणीवर मेण घासून, तिच्या अंगावर असते.