प्रबंधासाठी संदर्भ शोधायचे कुठे? गुगल स्कॉलर, लायब्ररीचे डेटाबेस आणि ग्रंथपाल यांची तुलना

विषय मंजूर झाला आणि गाईडने "आधी साहित्याचा आढावा घे" असं सांगितलं, की बहुतेक जण पहिल्यांदा गुगल स्कॉलर उघडतात. त्यात गैर काहीच नाही. खरा प्रश्न पुढचा आहे. तिथेच सगळं उरकायचं, की विद्यापीठाची लायब्ररी ज्या डेटाबेसची वर्गणी भरते ते शिकून घ्यायचे, ग्रंथपालांना भेटायचं, रॅकपाशी उभं राहून पुस्तकं चाळायची? वेळ दोन्हीकडे जातो. म्हणून कुठल्या कामाला काय पुरतं ते आधीच ठरवलेलं बरं.

माझी कसोटी एकच आहे. तुम्ही शोध कसा घेतला, हे पुढे कुणाला दाखवावं लागणार आहे का? सेमिनारचा पेपर, वर्गातलं सादरीकरण किंवा नव्या विषयाची तोंडओळख असेल तर स्कॉलरवर भागतं. प्रबंधातलं आढाव्याचं प्रकरण किंवा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (ठरलेल्या पद्धतीने सगळं संशोधन धुंडाळून घेतलेला आढावा) असेल तर लायब्ररीवाचून चालत नाही.

स्कॉलर की डेटाबेस

स्कॉलर 2004 मध्ये आला. त्याला विषयांच्या भिंती नाहीत, हे त्याचं बळ. जर्नलमधले पेपर, प्रबंध, पुस्तकं, परिषदांतले निबंध, एखाद्या संस्थेने साइटवर टाकलेला अहवाल, सगळं एकाच यादीत येतं. मानव्यविद्या आणि इंग्रजीखेरीज इतर भाषांतलं लेखन यात तो स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या वर्गणीच्या डेटाबेसपेक्षा बराच उजवा ठरतो, कारण त्या दोघांचा कल पहिल्यापासून इंग्रजी जर्नल्सकडे आणि विज्ञानशाखांकडे राहिला आहे. शिवाय 'साइटेड बाय'ची सोय आहे. एखादा चांगला जुना पेपर हाती लागला की त्याचा आधार पुढे कुणी कुणी घेतला, ते एका क्लिकवर दिसतं. त्या यादीच्या आतच पुन्हा शोध घेता येतो, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. मूळ कल्पना स्कॉलरची नव्हे. यूजीन गारफिल्ड यांच्या संस्थेने 1964 मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स काढला, आणि आजचा वेब ऑफ सायन्स हा त्याचाच वारस.

आता दुसरी बाजू. स्कॉलर कुठली जर्नल्स धुंडाळतो याची यादी जाहीर करत नाही. वर लाखांचा आकडा दिसला तरी एका शोधाचे 1000 पलीकडचे निकाल तो दाखवतच नाही. ज्यांना जास्त सायटेशन्स (म्हणजे इतरांच्या लेखनात आलेले संदर्भ) ते वर, या हिशेबामुळे गेल्या वर्षीचं चांगलं काम खाली दबून जातं. ते वर आणायला तारखेनुसार क्रम लावाल, तर यादी गेल्या एका वर्षात भर पडलेल्या नोंदींपुरतीच उरते. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नल्सना दारात अडवणारं तिथे कुणी नाही. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समध्ये निवड समित्या असतात. त्यांच्या नजरेतूनही अधूनमधून काही निसटतं, पण चाळणी असते.

फरक नेमका कुठे पडतो ते एका उदाहरणावरून बघू. समजा विषय आहे बालमजुरी आणि शाळेतली हजेरी. स्कॉलरमध्ये 'चाइल्ड लेबर' अवतरणात टाकलं आणि स्पेलिंग ब्रिटिश ठेवलं, की अमेरिकन स्पेलिंगने लिहिलेलं बरंच काही हुकतं. 'वर्किंग चिल्ड्रन' म्हणणारे अभ्यासक तर वेगळेच. विषयवार डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीला ठरलेल्या यादीतले विषयशब्द दिलेले असतात, त्यामुळे लेखकाने शब्द कुठलाही वापरलेला असो, पेपर त्या एका विषयशब्दाखाली सापडू शकतो. शिक्षणशास्त्रासाठी एरिक आहे, वैद्यकासाठी पबमेड. दोन्ही सगळ्यांना मोफत. पबमेड 1996 पासून आहे, पण त्यामागची मेश ही विषयशब्दांची यादी 1960 पासूनची. पबमेडमध्ये साधं 'हार्ट अटॅक' टाइप करा आणि मग अॅडव्हान्स्ड पानावर जाऊन शोधाचा तपशील उघडा. यंत्रणेने आपण होऊन त्याला 'मायोकार्डिअल इन्फार्क्शन' जोडलेलं दिसेल. असा तपशील स्कॉलर उघड करत नाही.

अॅडव्हान्स्ड सर्चचा फॉर्म पहिल्यांदा बघितला की अंगावर येतो, पण त्यातली युक्ती साधी आहे. एका ओळीत एकच कल्पना आणि तिची सगळी नावं, मध्ये 'ऑर'. म्हणजे पहिल्या ओळीत बालमजुरीचे सगळे पर्याय, दोन्ही स्पेलिंगांसकट. दुसऱ्या ओळीत हजेरी, पटनोंदणी, गळती. दोन ओळींमध्ये 'अँड'. एवढं केलं की निकाल आटोक्यात येतात. तो शोध नावाने सेव्ह करा, तारीख आणि निकालांची संख्या वहीत लिहा, अलर्ट लावा. नवा पेपर आला की ईमेल येते. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूच्या प्रिझ्मा 2020 या नियमावलीत प्रत्येक डेटाबेसमधला शोध शब्दशः, फिल्टरसकट नोंदवावा लागतो. स्कॉलरवरच्या शोधाचीही नोंद करता येते, पण दुसऱ्या कुणी तो चालवला तर तीच यादी येईल याची हमी नाही.

डेटाबेसची गैरसोयही सांगायला हवी. प्रत्येकाचा तोंडवळा वेगळा, प्रत्येकाच्या खाणाखुणा वेगळ्या. अगदी नव्या संकल्पनेला विषयशब्द मिळायला वेळ लागतो, तोवर साध्या शब्दांनीच शोधावं लागतं. एकट्या डेटाबेसवर भिस्त ठेवता येत नाही, दोन-तीन तरी धुंडाळावे लागतात. आणि जेस्टोरला सर्वसाधारण डेटाबेस समजणाऱ्यांसाठी एक सूचना. तो मुळात 1995 मध्ये जुन्या अंकांचा संग्रह म्हणून सुरू झाला. त्यातल्या अनेक जर्नल्सचे अलीकडचे तीन ते पाच वर्षांचे अंक तिथे नसतात. फक्त जेस्टोरवर केलेला आढावा म्हणूनच शिळा दिसतो, आणि परीक्षकाला ते लगेच कळतं.

मला विचाराल तर सुरुवात स्कॉलरवर, मुख्य शोध दोन-तीन डेटाबेसमध्ये, आणि शेवटी काही सुटलं का बघायला पुन्हा स्कॉलर. तत्पूर्वी स्कॉलरच्या सेटिंगमध्ये 'लायब्ररी लिंक्स'मध्ये आपलं विद्यापीठ जोडून घ्या. पाचपर्यंत लायब्रऱ्या जोडता येतात. मग निकालाशेजारी आपल्या लायब्ररीतल्या प्रतीचा दुवा येतो आणि निम्मी वणवण वाचते.

लायब्ररीच्या होमपेजवरची ती मोठी चौकट

तिला डिस्कव्हरी सर्च म्हणतात. समन, प्रायमो, एब्स्को अशी तिची वेगवेगळी रूपं. पुस्तकं, पेपर, ई-बुक्स सगळं एकदम शोधते. ठाऊक असलेलं पुस्तक किंवा पेपर काढायला झकास. विषय शोधायला गेलात तर पुस्तक-परीक्षणं आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्या इतक्या येतात की फिल्टर लावण्यातच दमछाक होते. पदवीच्या निबंधाला पुरेल. संशोधनाला मुख्य हत्यार म्हणून मी सुचवणार नाही.

पेपर सापडला, पण कुलूप लागलंय

सारांश दिसतो, पुढे प्रकाशक पैसे मागतो. इथे कार्ड काढू नका. आधी हे बघा की तुम्ही लायब्ररीच्या लॉगिनमधून आला आहात का. घरून थेट प्रकाशकाच्या साइटवर गेलात तर तुम्ही विद्यापीठाचे आहात हे तिला कळायला मार्ग नाही. लायब्ररीच्या पानावरून, प्रॉक्सीतून किंवा व्हीपीएनने, म्हणजे विद्यापीठाच्या नेटवर्कमधून गेलात तर पुष्कळदा तोच पेपर सरळ उघडतो.

तरीही नाही उघडला तर तीन वाटा उरतात. अनपेवॉल हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन लेखकाने किंवा त्याच्या संस्थेने कायदेशीरपणे खुली ठेवलेली प्रत शोधून देतं. वेगात याला तोड नाही. मात्र ती प्रत अनेकदा छपाईआधीची असते. तिच्यात जर्नलचे पृष्ठ क्रमांक नसतात. प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षणाआधीची प्रत, असेल तर परीक्षणानंतर आकडेसुद्धा बदललेले असू शकतात. वाचायला ती चालेल, पण शब्दशः अवतरण देताना छापील आवृत्तीच उघडा.

दुसरी वाट आंतरग्रंथालयीन देवघेवीची. आपल्याकडे नसलेला पेपर किंवा पुस्तक आपली लायब्ररी दुसऱ्या लायब्ररीकडून मागवते. ही सेवा किती कमी जण वापरतात याचं मला नेहमी नवल वाटतं. पेपर असेल तर बहुतेक ठिकाणी स्कॅन होऊन काही दिवसांत ईमेलवर येतो, पुस्तकाला अधिक वेळ लागतो. कॉपीराइटमुळे एका पुस्तकातलं एखादं प्रकरण, अंकातला एखादा लेख अशी मर्यादा असते. दुर्मीळ ग्रंथ आणि संदर्भ विभागातली पुस्तकं सहसा बाहेर जात नाहीत. अर्जात डीओआय (पेपरचा कायमचा ओळखक्रमांक), खंड, अंक, पृष्ठं नीट भरा. अर्धवट तपशिलाचा अर्ज दोन्हीकडच्या टेबलांवर फिरत राहतो.

तिसरी म्हणजे लेखकाला दोन ओळींची ईमेल. उत्तर आलं तर पेपरसोबत कधी प्रश्नावलीही मिळते, आणि ती दुसरीकडे कुठेच मिळत नाही. भरवसा मात्र ठेवता येत नाही. घाई असेल तर अनपेवॉल, नक्की हवंच असेल तर देवघेव, आणि लेखकाची प्रश्नावली हवी असेल तर ईमेल, असा माझा क्रम.

छापील पुस्तक की ई-बुक

एक शब्द पुस्तकभर शोधायचा असेल तर ई-बुक. पण लायब्ररीचं ई-बुक म्हणजे परवाना असतो. काही परवान्यांत एका वेळी एकालाच वाचता येतं, काहींत किती पानं डाउनलोड करायची यावर मर्यादा असते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हे नेमकं आडवं येतं. संपूर्ण पुस्तक तळटीपांसकट वाचायचं तर छापीलच घ्या.

रॅकचा आणखी एक उपयोग आहे, तो पडद्यावर नीट होत नाही. एका पुस्तकाचा वर्गांक शोधून त्या फडताळाशी जा आणि डावी-उजवीकडची पुस्तकं काढून मागच्या ग्रंथसूच्या चाळा. फक्त एक ध्यानात ठेवा, विषय एकाच रॅकवर राहत नाही. बालमजुरीचं बघा. ड्यूई वर्गीकरणात श्रमाच्या अंगाने लिहिलेलं पुस्तक 331 मध्ये, मुलांच्या कल्याणाच्या अंगाने 362 मध्ये, समाजशास्त्राच्या अंगाने 305 मध्ये, शिक्षणाचं 370 पासून पुढे, आणि कायद्याचं 344 मध्ये. एकाच कपाटापुढे उभं राहून "इथे काहीच नाही" म्हणणाऱ्याला बाकीची चार कपाटं दिसलेलीच नसतात.

ग्रंथपाल की चॅटबॉट

ही तुलना काही वर्षांपूर्वी करावी लागली नसती. चॅटबॉट रात्री दोनलाही उत्तर देतो, कंटाळत नाही, आणि समानार्थी शब्द सुचवण्यात खरोखर चांगला आहे. वरच्या 'ऑर'च्या ओळी भरायला त्याची मदत जरूर घ्या. संदर्भांची यादी मात्र त्याच्याकडून उचलू नका. खरं वाटणारं शीर्षक, खऱ्या लेखकाचं नाव, खरं जर्नल, आणि असा पेपर मात्र कधी छापलाच गेलेला नाही, असं तो सहज करतो. असे संदर्भ शोधून द्या म्हणून लोक देवघेव विभागात येतात, तेव्हा तिथल्या माणसाचा निम्मा दिवस नसलेली गोष्ट शोधण्यात जातो. प्रत्येक डीओआय स्वतः उघडून बघा.

विषयग्रंथपालाकडे अर्धा-पाऊण तास मागून घेणं हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त सौदा. "माझा विषय अमुक, काहीतरी द्या" म्हणून गेलात तर त्यांनाही काही सुचत नाही. एका वाक्यात प्रश्न, आवडलेले दोन पेपर, आणि आतापर्यंत कुठे काय टाकून शोधलं, हे कागदावर घेऊन जा. ग्रंथपाल त्या दोन पेपरांच्या नोंदी उघडतात, त्यांना लागलेले विषयशब्द बघतात आणि शोध तिथून बांधत नेतात. आपण बसून ते बघितलं की पुढच्या वेळी आपलं आपल्याला येतं. गाईडच्या वेळेची जागा ही भेट घेत नाही. कुठलं संशोधन दमदार आहे ते गाईडने सांगायचं, ते सापडेल कसं हे ग्रंथपालाने.

संदर्भ ठेवायचे कशात

संदर्भ साठवणारी तीन सॉफ्टवेअर आहेत: झोटेरो, मेंडले आणि एंडनोट. लायब्ररी एंडनोटचा परवाना देत असेल आणि सगळा विभाग तेच वापरत असेल तर तेच घ्या. नसेल तर झोटेरो. ते मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे, आणि मागे घेतला गेलेला पेपर तुमच्या संग्रहात असेल तर ते आपण होऊन इशारा देतं. पीडीएफ त्यांच्या सर्व्हरवर ठेवायला फुकटात 300 एमबीच मिळतात, मेंडलेत 2 जीबी. पीडीएफ आपल्याच संगणकावर ठेवणाऱ्याला हा फरक जाणवत नाही.

डेटाबेसमधून शेकडो पीडीएफ एका दमात उतरवू नका. प्रकाशकाच्या यंत्रणेला ते लगेच दिसतं आणि कधी कधी अख्ख्या विद्यापीठाचा प्रवेश बंद होतो. दुसरं, पदवी हातात पडली की लॉगिन बहुतेक ठिकाणी काही काळाने बंद पडतं. व्हायव्हानंतर दुरुस्त्या करायच्या असतील, प्रबंधातून पेपर काढायचे असतील, तर लागणारे पेपर, सेव्ह केलेले शोध आणि विद्यापीठाच्या ईमेलवर येणारे अलर्ट त्याआधीच आपल्या खात्यावर हलवा. लॉगिन नेमकं कधी बंद होणार, हे देवघेव विभागात विचारलं की सांगतात.