नेदरफील्डचा नाच कोणत्या डिस्कवर बघायचा? ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’: १९८० की १९९५, डीव्हीडी की ब्लू-रे

जुनी ब्रिटिश मालिका ब्लू-रेवर घ्यावी की डीव्हीडीवर भागवावं, याचं उत्तर खोक्यावरच्या ‘एचडी’ या दोन अक्षरांत शोधू नका. ते उत्तर चित्रीकरणाच्या दिवशीच ठरून गेलेलं असतं. मालिका व्हिडिओटेपवर घेतली असेल तर तिच्यात जेवढा तपशील आहे तेवढा डीव्हीडीत मावतो. फिल्मवर घेतली असेल तर डीव्हीडीत तो मावत नाही, आणि मग ब्लू-रेला अर्थ येतो. जेन ऑस्टिनच्या एकाच कादंबरीवर बीबीसीनं पंधरा वर्षांच्या अंतरानं काढलेल्या दोन मालिका शेजारीशेजारी ठेवल्या की हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो.

आधी दोघींची ओळख.

| | १९८० | १९९५ |
|---|---|---|
| भाग | ५ | ६ |
| एकूण वेळ | सुमारे साडेचार तास | सुमारे साडेपाच तास |
| पटकथा | फे वेल्डन | अँड्र्यू डेव्हिस |
| दिग्दर्शन | सिरिल कोक | सायमन लँगटन |
| एलिझाबेथ (नायिका), डार्सी (नायक) | एलिझाबेथ गार्वी, डेव्हिड रिंटूल | जेनिफर एली, कॉलिन फर्थ |
| पेम्बर्ली (डार्सीचा वाडा) | रेनिशॉ हॉल | बाहेरून लाइम पार्क, आतून सडबरी हॉल |
| चित्रीकरण | व्हिडिओटेप | सुपर १६ फिल्म |
| चौकट | ४:३ | १६:९ |

सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटून दुसरी आहे.

टेपवरची मालिका

१९८० ची मालिका पाल या त्या काळच्या ब्रिटिश दूरचित्रवाणी पद्धतीच्या टेपवर आहे. या पद्धतीत चित्राच्या दिसणाऱ्या रेषा ५७६, आणि सेकंदाला ५० अर्धी चित्रं, म्हणजे एकदा सम रेषा, एकदा विषम. पाल डीव्हीडीही नेमकी ५७६ रेषांचीच असते. टेपवर होतं ते सगळं तिच्यात उतरतं. उद्या कुणी याच मालिकेची ‘एचडी’ आवृत्ती विकायला काढली, तर तिच्यातल्या जादाच्या रेषा संगणकानं अंदाजानं भरलेल्या असतील. तोच अंदाज तुमचा टीव्ही घरबसल्या फुकटात करतो. तेव्हा इथं जास्त पैसे मोजू नका.

या मालिकेत दिसणारे काही दोष डिस्कचे नाहीत, म्हणून डिस्क परत करू नका. त्या काळच्या नळीच्या कॅमेऱ्यांत मेणबत्तीसारखा तेजस्वी ठिपका हलला की मागे फिकट शेपूट उमटतं. बारीक रेघांचं कापड असेल तर त्यावर इंद्रधनुष्यासारखी रंगांची झाक थरथरते, कारण टेपवर रंग आणि उजेड एकाच संकेतात गुंफलेले असत आणि परत सोडवताना थोडी सरमिसळ होतेच.

मात्र एक दोष आपला आपल्याला दुरुस्त करता येतो. कुणी भरभर चाललं की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात, कारण सम आणि विषम रेषा वेगवेगळ्या क्षणांच्या आहेत आणि आजचा टीव्ही दोन्ही एकदम दाखवतो. संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘व्हिडिओ’ मेनूत ‘डीइंटरलेस’ चालू करा आणि पद्धत ‘याडिफ (२एक्स)’ निवडा. नुसतं ‘याडिफ’ निवडलं तर सेकंदाला २५ चित्रं दिसतात. ‘२एक्स’मध्ये पन्नासच्या पन्नास मिळतात आणि हालचाल मूळ प्रक्षेपणासारखी सळसळीत राहते.

दुसरी खबरदारी चौकटीची. टीव्ही ‘वाइड’ किंवा ‘झूम’वर असेल तर एकतर सगळ्या बेनेट भगिनी आडव्या फुगतात, नाहीतर चित्राची पाव उंची कापली जाते आणि टोप्या, केसांची ठेवण, कधी कपाळंही चौकटीबाहेर जातात. सेटिंग ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ ठेवा. डावी-उजवीकडे काळे पट्टे येणारच, ते बरोबर आहे.

फिल्मवरची मालिका

१९९५ च्या मालिकेचं गणित वेगळं. सुपर १६ म्हणजे १६ मिलिमीटरचीच फिल्म, फक्त ध्वनिपट्टीसाठी राखलेली कडेची जागाही चित्राला दिलेली, त्यामुळे चौकट रुंद मिळते. हिच्यात डीव्हीडीच्या ५७६ रेषांपेक्षा बराच जास्त तपशील असतो. ब्लू-रेसाठीची प्रत मूळ निगेटिव्हवरून नव्यानं तयार केली, त्यामुळे फरक खराखुरा आहे. तरी ३५ मिलिमीटरवर घेतलेल्या सिनेमासारखं काचेसारखं चित्र मिळेल अशी अपेक्षा धरू नका. सुपर १६ ला दाणा, म्हणजे फिल्मचा बारीक कण, असतो आणि तो दिसतो. बीबीसीच्या एचडी प्रक्षेपणाच्या नियमांत १६ मिलिमीटरची फिल्म बसत नव्हती, कारण हा सतत हलणारा दाणा प्रसारणासाठी चित्राची माहिती आवळताना, म्हणजे आकुंचनात, चिखल करतो. डिस्कवर जागा भरपूर असल्यामुळे तोच दाणा नीट बसतो. थोडक्यात, वाहिनीनं आपल्याच मालिकेला नाकारलेला दर्जा डिस्कवर पाहायला मिळतो!

फरक कुठं बघायचा? सुरुवातीच्या श्रेयनामावलीतच. भरतकाम केलेलं कापड, लेस, रेशीम असं कॅमेऱ्याखालून सावकाश सरकत जातं आणि कार्ल डेव्हिसचं संगीत वाजत असतं. डीव्हीडीवर टाके म्हणजे रंगाचे ठिपके दिसतात. ब्लू-रेवर दोरा कुठं वर येतो आणि कुठं कापडात शिरतो तेही कळतं. लगेच पहिल्या दृश्यात बिंगली आणि त्याचा मित्र डार्सी शेतांतून घोडे फेकत जातात. गवत, पानं आणि वेगानं सरकणारा कॅमेरा हे एकत्र आलं की डीव्हीडीचं आकुंचन दमतं आणि झाडीत चौकोनी ठोकळे उठतात. हिशेब सरळ आहे. दुहेरी थराच्या डीव्हीडीत ८.५ जीबी जागा. त्यात ५५ मिनिटांचे तीन भाग कोंबले की सेकंदाला जेमतेम ७ मेगाबिट वाट्याला येतात. तेच तीन भाग ५० जीबीच्या ब्लू-रेवर ठेवले तर सेकंदाला ४० पर्यंत जाता येतं, शिवाय ब्लू-रेची आकुंचनाची पद्धतही जास्त हुशार.

ब्लू-रे लावल्यावर टीव्हीतला ‘नॉइज रिडक्शन’ बंद करा. तो चालू असेल तर दाण्याला कचरा समजून पुसतो आणि जेनिफर एलीचा चेहरा मेणाचा होतो. ‘मोशन स्मूदिंग’ही बंद, नाहीतर फिल्मवरची मालिका रोजच्या डेली सोपसारखी दिसायला लागते.

१९९५ ची जुनी डीव्हीडी हाताशी असेल तर आधी एक साधी तपासणी: टीव्हीवर चित्राच्या चारही बाजूंना काळी चौकट दिसते का? दिसत असेल तर रुंद चित्र ४:३ च्या साच्यात पट्ट्यांसह बसवलेलं आहे आणि ५७६ पैकी ४३२ रेषाच चित्राच्या कामी येताहेत. अशी प्रत स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. खोक्यामागे ‘१६:९ अॅनामॉर्फिक’ लिहिलेली शोधा, म्हणजे रुंद चित्राला सगळ्या ५७६ रेषा मिळतात.

लंडनहून मागवायची की न्यू जर्सीहून?

नातेवाइकांकडून डिस्क मागवताना नेमकी इथंच फसगत होते. ब्रिटिश दूरचित्रवाणीची फिल्म सेकंदाला २५ चौकटींनी घेतात. पाल डीव्हीडीही २५ चीच, त्यामुळे ब्रिटिश डीव्हीडीत वेग, आवाज, लांबी सगळं मूळ. अमेरिकी डीव्हीडी एनटीएससी पद्धतीची: ४८० रेषा, सेकंदाला जवळपास ६० अर्धी चित्रं. पन्नासाची साठ करताना अधलीमधली चित्रं एकमेकांत मिसळतात. नाचाच्या दृश्यात चित्र थांबवून पाहा, एका हाताचे दोन फिकट हात दिसतील. १९८० ची असो वा १९९५ ची, डीव्हीडी घ्यायची तर पालच घ्या.

ब्लू-रेचं चित्र १०८० रेषांचं, पण तिच्या नियमांत त्या रेषांसाठी सेकंदाला २५ पूर्ण चौकटी असा पर्यायच नाही. म्हणून २५ ची फिल्म एकतर ‘१०८०आय ५०’ (सेकंदाला ५० अर्धी चित्रं) या वेष्टनात जाते, आणि त्यात काही बिघडत नाही. नाहीतर २४ वर मंद केली जाते. मंद केली की ५५ मिनिटांचा भाग सव्वासत्तावन्न मिनिटांचा होतो आणि आवाज दुरुस्त केलेला नसेल तर स्वर अर्धस्वराहून थोडा कमी उतरतो. भागाची लांबी पाहून आपली प्रत कोणती ते ओळखता येतं. अमेरिकेत राहणाऱ्यांनी ब्रिटिश डिस्क घेताना आणखी एक गोष्ट पाहावी: तिथले बरेच प्लेअर आणि टीव्ही ५० हर्ट्झचं चित्र घेतच नाहीत. डिस्क फिरते, पडदा काळा.

मग प्रदेशाचं कुलूप. डीव्हीडीत भारत ५, ब्रिटन २, अमेरिका १. ब्लू-रेत भारत सी, ब्रिटन बी, अमेरिका ए. खोक्यामागे पृथ्वीगोलाच्या चिन्हात आकडा किंवा षटकोनात अक्षर असतं. डीव्हीडी प्लेअरचं कुलूप अनेकदा रिमोटवरच्या संकेतानं उघडतं. मॉडेल क्रमांक घालून शोधा. ब्लू-रे प्लेअरचं सहसा तसं उघडत नाही, त्यासाठी मुळातच बहुप्रादेशिक प्लेअर घ्यावा लागतो. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये प्रदेश पाच वेळाच बदलता येतो. पाचव्यांदा जो निवडाल तो कायमचा. तेव्हा ‘बदलू का?’ असा प्रश्न आला की सवयीनं ‘ओके’ दाबू नका.

व्हीएचएस आणि स्ट्रीमिंग

व्हीएचएसबद्दल थोडकंच. १९९५ च्या मालिकेची कॅसेट शेवटचा भाग दाखवण्याआधीच बाजारात आली आणि पहिल्या १२,००० प्रती दोन तासांत संपल्या, म्हणून जुन्या बाजारात ती अजून सापडते. आठवण म्हणून ठेवा, लावू नका. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात राहिलेल्या कॅसेटच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट लावली की व्हीसीआरचं हेड खराब होतं आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला तो संसर्ग देत राहतं.

स्ट्रीमिंग सोयीचं, पण कोणती प्रत चढवली आहे ते कुणी सांगत नाही. श्रेयनामावलीतल्या भरतकामाची वर सांगितलेली कसोटी तिथंही चालते. टाके दिसले नाहीत तर जुनीच प्रत आहे.

मग कोणती?

घरात ४० इंचांहून मोठा टीव्ही आणि चालू ब्लू-रे प्लेअर असेल तर १९९५ ची ब्लू-रे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. टीव्ही लहान असेल किंवा बघणारे दहा फुटांवर सोफ्यावर बसत असतील तर त्याच मालिकेची अॅनामॉर्फिक पाल डीव्हीडी पुरे. त्या अंतरावरून टाके मोजता येत नाहीत.

१९८० ची मालिका स्पर्धक म्हणून घेऊ नका, जोडीला घ्या. तिच्यात एलिझाबेथच्या मनातलं आपल्याला तिच्याच आवाजात ऐकू येतं, आणि सगळं काही माणसं बोलताना घडतं. अँड्र्यू डेव्हिसची १९९५ ची पटकथा डार्सीच्या मागे खोलीबाहेर जाते, त्याला तलवारबाजी करायला लावते, तळ्यात उतरवते. ऐकायची मालिका पहिली, बघायची दुसरी. पहिलीला डीव्हीडी का पुरते याचं हेही एक कारण. १९८५ साली दूरदर्शनवर याच कादंबरीवरची ‘तृष्णा’ ज्यांनी पाहिली असेल, त्यांना १९८० ची संथ बैठकीची चाल परकी वाटणार नाही.

घरातल्या ज्येष्ठांसाठी घेत असाल तर खोक्यावर इंग्रजी उपशीर्षकं आहेत का ते पाहूनच घ्या. मिस्टर कॉलिन्सची लांबलचक वाक्यं आणि लेडी कॅथरीनचे फटकारे नुसत्या कानांनी पकडणं सोपं नाही. मराठी उपशीर्षकांची आशा नको.

वापरलेली डिस्क घेताना

डिस्क दिव्याखाली तिरकी धरा. मध्यापासून कडेकडे जाणारा ओरखडा बहुतेक वेळा चालून जातो. गोल, वाटेच्या दिशेनं गेलेला ओरखडा वाईट, कारण तो एकाच ठिकाणची सलग माहिती खातो आणि चूकदुरुस्तीला धरायला काही उरत नाही. म्हणून पुसतानाही मध्यापासून बाहेर सरळ पुसायचं, गोल नाही. ब्लू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो. वरचं कठीण लेपन बराच मार सोसतं, पण एकदा खोल चरा गेला की डिस्क संपली. मधल्या भोकाभोवती केसासारखी भेग असेल तर फिरताना ती वाढते; अशी डिस्क घेऊच नका. खोक्यातून काढताना मधली कळ दाबून डिस्क सुटू द्यावी. कडेला धरून ओढली की ती वाकते आणि ही भेग तिथूनच सुरू होते.

परत करण्याची मुदत असेपर्यंत तपासायचं तर पहिली पाच मिनिटं बघून समाधान मानू नका. दुहेरी थराच्या डीव्हीडीवर पहिला थर आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा बाहेरून आत. म्हणजे डिस्कच्या सुरुवातीचा आणि शेवटचा मजकूर मध्याजवळ सुरक्षित, आणि मधला मजकूर कडेला, जिथं बोटं लागतात. तीन-तीन भाग असलेल्या डीव्हीडी संचात १९९५ च्या पहिल्या डिस्कच्या कडेला येतो दुसरा भाग. नेदरफील्डचा, म्हणजे बिंगलीच्या घरचा, नाच त्याच भागात आहे. तो न अडखळता संपला तर डिस्क ठेवा. अधेमधे एकदाच क्षणभर चित्र थबकलं तर तो थर बदलण्याचा थांबा आहे, बिघाड नाही.