होलसेलिंगसाठी पत्रं पाठवावीत की फोन फिरवावेत?

अमेरिकेत होलसेलिंग करणारा घर विकत घेत नाही. तो मालकाशी खरेदीचा करार करतो, तोच करार गुंतवणूकदाराच्या नावावर फिरवतो आणि मधली फी ठेवतो. त्यामुळे खरं काम एकच: विकायच्या मनःस्थितीतला मालक इतरांच्या आधी गाठणं.

हाताशी वेळ आहे पण पैसे नाहीत, तर फोन. संध्याकाळपर्यंत दहा-वीस नकार आणि एखादा होकार मिळतो. पण शोधून काढलेले नंबर बरेचदा चुकीचे निघतात, शिवाय कायदा आडवा येतो. 1991 च्या टीसीपीए या फोन-ग्राहकांना संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार संमतीशिवाय मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज वाजवला, तर दर कॉलमागे 500 डॉलर, मुद्दाम केलं असेल तर 1,500 पर्यंत भरावे लागू शकतात. पत्राला ही कटकट नाही. त्याचं दुखणं वेगळं: पैसे आधी जातात आणि उत्तर आलंच तर उशिरा येतं.

पत्र चालतं का? चालतं, पण एकदाच पाठवून नाही. पाठवायची असतील तर 1,500 जणांना एकेक पत्र पाठवण्यापेक्षा 300 जणांना पाच-पाच वेळा पाठवा, असं माझं मत. कर थकलेले, दुसऱ्या राज्यात राहणारे, वारसाहक्काने घर मिळालेले, असे निवडक मालक घ्या. पोस्टकार्ड स्वस्त आणि न फोडता वाचलं जातं. पण नुकतंच घरातलं माणूस गेलेल्या वारसाला 'तुमचं घर विकत घेतो' असं उघडं कार्ड? मी बंद पाकीटच पाठवीन.

टपालाच्या दरात बहुतेक जण चुकतात. मार्केटिंग मेल, म्हणजे जाहिरातींच्या गठ्ठ्यांसाठीचा अमेरिकी टपालाचा दर, स्वस्त पडतं; एका खेपेला किमान 200 नग लागतात. पण पोहोचलं नाही तर, पाकिटावर तशी सूचना छापलेली नसल्यास, ते परत येत नाही. फर्स्ट क्लासचं, म्हणजे नेहमीच्या महागड्या दराचं, पाकीट जादा पैसे न घेता परत येतं, वर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. तिच्यावर 'व्हेकंट' असेल तर पाकीट कचऱ्यात टाकू नका. घर रिकामं आहे हे पोस्टमननेच तुम्हाला कळवलंय! आता मालक राहतो कुठे ते शोधा. हीच चिठ्ठी मिळावी म्हणून मी महागडं तिकीट लावतो.

राज्याचे नियम मात्र आधी पाहा. इलिनॉयमध्ये 12 महिन्यांत एकाहून जास्त असे व्यवहार केले तर परवाना लागतो, आणि दक्षिण कॅरोलिनानेही 2024 मध्ये नियम कडक केले. फोनवरचं बोलणं हवेत विरतं. छापील पत्र तुमच्या नावानिशी कुणाच्यातरी खणात पुरावा म्हणून पडून राहतं.

नोकरी सांभाळून हे करणाऱ्याला पत्रं सोयीची वाटतात, कारण छपाई आणि टपाल दुसऱ्यावर सोपवता येतं. पण उत्तराचा फोन मंगळवारी सकाळी अकराला, तुम्ही मीटिंगमध्ये असतानाच येतो. तो उचलायला कुणी नसेल, तर पत्रांचा खर्च तूर्त थांबवा आणि शनिवारी फोन घेऊन बसा.