साइट फायरफॉक्समध्ये अडली: तिथेच दुरुस्ती, एज की आयई मोड?

फॉर्म पूर्ण भरलेला असतो, ‘सबमिट’ दाबल्यावर चक्र नुसतं फिरत राहतं आणि शेजारच्या टेबलावरून आवाज येतो, ‘अहो, क्रोममध्ये उघडा ना!’ फोर्टपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही छोट्या ऑफिसात मिळणारा हा सल्ला चूक नाही, पण घाईचा आहे. रोजच्या वापराला फायरफॉक्स असेल तर अशा वेळी तीन वाटा असतात: तिथेच दोष शोधायचा, दुसरा ब्राउझर उघडायचा, किंवा अगदी जुनाट साइट असेल तर मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमधला इंटरनेट एक्स्प्लोरर (आयई) मोड वापरायचा.

आधी फायरफॉक्समध्येच बघा, फार वेळ जात नाही. ॲड्रेस बारच्या डाव्या बाजूला ढालीचं चिन्ह आहे. तिथून त्या एका साइटपुरतं ट्रॅकिंग संरक्षण बंद करता येतं. संरक्षण ‘स्ट्रिक्ट’वर असेल तर पहिला संशय इथेच घ्यावा. शिवाय २०२२पासून फायरफॉक्स प्रत्येक साइटच्या कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) वेगळ्या ठेवतो, त्यामुळे एका साइटचं लॉगिन दुसरीकडे वापरणारी पानं कधीकधी गोंधळतात. एवढ्याने भागलं नाही तर हेल्प मेनूतला ट्रबलशूट मोड. त्यात एक्स्टेन्शन्स बंद राहतात. साइट तिथे चालली तर खोडी बहुतेक ॲड-ब्लॉकरची. कुकीज पुसायच्याच असतील तर त्या साइटच्या तेवढ्याच पुसा. सगळी हिस्टरी उडवून बसलात तर दिवसभर पासवर्ड शोधत राहाल.

हे करूनही अडलं तर मात्र हट्ट सोडा. साइट बनवणाऱ्याने ती फक्त क्रोममध्ये तपासलेली असण्याची शक्यता मोठी. क्रोम, ब्रेव्ह, ऑपेरा आणि जानेवारी २०२०पासून एज, या सगळ्यांच्या पोटात ब्लिंक हे पान उलगडून दाखवणारं एकच इंजिन आहे. फायरफॉक्सचं गेको वेगळं. म्हणूनच ‘असू दे’ म्हणून यातले तीन-चार ब्राउझर भरून ठेवण्यात फारसा फायदा नाही. एज विंडोजबरोबर आलेलाच असतो, तोच दुसरा ब्राउझर म्हणून ठेवावा असं माझं मत. त्यात एक्स्टेन्शन टाकू नका. कोरा ब्राउझर हीच उत्तम चाचणी. आणि पैसे भरताना पान अडकलं असेल, तर एजकडे धाव घेण्याआधी खात्यातून रक्कम गेली आहे का ते बघा. नाहीतर सोसायटीचा एकच मेंटेनन्स दोनदा भरला जाईल आणि मग खजिनदारांच्या मागे फिरणं आलं.

डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटचं, प्रकरण निराळं. पेनड्राइव्हसारखं टोकन लावलेलं असतं, पिन बरोबर असतो, तरी सही होत नाही. सहीचं सॉफ्टवेअर तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतं आणि वेबपान त्याच्याशी आतल्या आत बोलतं. त्या सॉफ्टवेअरचं सर्टिफिकेट सहसा विंडोजच्या यादीत बसवलेलं असतं. क्रोम आणि एज ते मानतात. फायरफॉक्सची विश्वासाची यादी मात्र स्वतःची. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली सर्टिफिकेट्सचा भाग आहे. बाहेरून बसवलेल्या रूट सर्टिफिकेट्सवर विश्वास ठेवण्याच्या चौकटीत टिक आहे का बघा, फायरफॉक्स बंद करून पुन्हा उघडा. पण मुदत आजच संपत असेल तर सरळ एजमध्ये सही करा आणि हा शोध उद्यावर टाका.

तिसरी वाट क्वचितच लागते. इंटरनेट एक्स्प्लोरर ११चा आधार मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ला काढून घेतला, पण एजमधला आयई मोड निदान २०२९पर्यंत ठेवण्याचं जाहीर केलं आहे. ॲक्टिव्हएक्स (इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच चालणारे जुने जोड-प्रोग्राम) मागणारी जुनी अंतर्गत साइट असेल तर तिथे फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही निरुपयोगी. एजच्या सेटिंग्जमध्ये ‘डिफॉल्ट ब्राउझर’खाली परवानगी देऊन ती साइट यादीत घालायची. ही नोंद ३० दिवसांनी गळून पडते, त्यामुळे ‘गेल्या महिन्यात तर चालत होतं’ अशी तक्रार आली की आधी तीच तपासा. त्या साइटपलीकडे हा मोड वापरू नये.

विंडोज ७वर अडकलेला जुना पीसी असेल तर पारडं उलटं झुकतं. क्रोम तिथे १०९व्या आवृत्तीवर थांबला. फायरफॉक्सच्या ११५ ईएसआरला (जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती) त्यानंतरही सुरक्षा अपडेट मिळत राहिले. तरी बँकेचं काम अशा मशीनवर करू नका. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन त्यावर वेगळी सिस्टिम टाकून घ्या, नाहीतर मशीनच बदला.

आयफोनवर, निदान आपल्याकडे, ही सगळी चर्चाच लागू नाही. तिथे फायरफॉक्स काय, क्रोम काय, आत सफारीचंच वेबकिट इंजिन चालतं. लोकलमध्ये उभ्या उभ्या ब्राउझर बदलून बघण्यापेक्षा कंटेंट ब्लॉकर बंद करा, आणि तरीही नाहीच उघडलं तर घरी जाऊन कॉम्प्युटरवर करा.