पोस्टजीआयएस आणि लीफलेट: आठ महिने वापरल्यावर

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचे निर्यातीचे कंटेनर नकाशावर दाखवायचं काम माझ्याकडे आहे. डेटाबेसमध्ये जागांची माहिती साठवायला आणि अंतरं मोजायला पोस्टजीआयएस, ब्राउझरमध्ये नकाशा दाखवायला लीफलेट. दोन्ही फुकट. पहिले दोन महिने कसली तक्रार नव्हती, कारण कोल्हापूर ते न्हावाशेवा एवढाच पल्ला होता.

मग योकोहामाहून लॉस एंजेलिसला निघालेलं एक जहाज १८० अंश रेखांश ओलांडून गेलं. त्याची रेषा मंगोलिया, कझाकस्तान, फ्रान्स, अटलांटिक, कॅनडा असं सगळं जग कापत आडवी पसरली. डिस्पॅचचे काका धावत आले, "अहो, जहाज माघारी फिरलं काय?" माल त्यांच्या हातून गेलेला. त्यांचा जीव किती वरखाली झाला असेल!

चूक माझ्या कोडची होती. पश्चिम रेखांश उणे आकड्यांत लिहितात. १७९ आणि उणे १७९ यांत गोलावर दोनच अंशांचं अंतर असतं, सपाट नकाशावर मात्र ३५८. लीफलेट सपाटच हिशेब करतं, पण त्याला उणे १७९ ऐवजी १८१ दिलं की रेषा सरळ पुढं जाते. मी आधी पोस्टजीआयएसचं एसटी शिफ्टलाँगिट्यूड हे फंक्शन लावलं. ते उणे रेखांशांना ३६० मिळवतं. पॅसिफिक सुधारला, आणि पुढच्याच आठवड्यात सुएझमार्गे न्यूयॉर्कला जाणारी रेषा भूमध्य समुद्रात, शून्य रेखांशावर फाटली! शेवटी मार्गाचा एकेक बिंदू आधीच्या बिंदूशी ताडून पाहिला. फरक १८०च्या वर गेला तर ३६० मिळवायचे किंवा वजा करायचे. पाच-सहा ओळींचा कोड, तेव्हापासून एकही रेषा फाटलेली नाही.

पोस्टजीआयएसमधला जिऑग्राफी हा गोल पृथ्वीवर हिशेब करणारा डेटाप्रकार मात्र मला मनापासून आवडला. योकोहामा ते लॉस एंजेलिस अंतर मागितलं की तो १८०ची रेषा मधे आली म्हणून गडबडत नाही, सुमारे ८,८५० किलोमीटर असं खरं उत्तर मीटरमध्ये देतो. जिऑमेट्री हा सपाट हिशेबाचा प्रकार त्याच दोन बंदरांत २५७ अंशांहून जास्त अंतर सांगतो. एसटी सेगमेंटाइझ या फंक्शनने जिऑग्राफीतल्या मार्गात मधले बिंदू भरले, तेव्हा काकांना पहिल्यांदा दिसलं की ३५ अंशांच्या आसपासच्या दोन बंदरांमधली सर्वांत जवळची वाट ४७ अंश उत्तरेच्याही वर चढते.

हे सगळं इतक्या उशिरा का कळलं? कोल्हापूर १६.७ अंशांवर आहे. वेब मर्केटरच्या, म्हणजे विषुववृत्तापासून दूर जाल तसं सगळं ताणून दाखवणाऱ्या नेहमीच्या वेब नकाशावर रंकाळ्याचा काठ मोजला तर तो ४.४ टक्केच जास्त भरतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याच पद्धतीने ४७ अंशांवर मोजलं तर जवळपास दीडपट! इथल्या पत्त्यांवर तपासलेला कोड बरोबर वाटतो तो आपण सोयीच्या जागी राहतो म्हणून. आता माझ्या टेस्ट फाइलची पहिली ओळ फिजीतल्या ताव्हेउनी बेटाची असते, कारण १८० अंशांची रेषा त्या बेटावरूनच जाते. तिथल्या दोन बाजूंच्या बिंदूंची साधी सरासरी काढली की मध्यबिंदू थेट दक्षिण अटलांटिकमध्ये पडतो.

वाररेषा, म्हणजे जिथं तारीख बदलते ती रेषा, हे वेगळं प्रकरण, ती या १८०ला चिकटून चालत नाही. सामोआने २०११ मध्ये बाजू बदलताना ३० डिसेंबर हा दिवसच गाळला. पोहोचण्याची वेळ यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत ठेवा आणि रेखांशावरून तारीख कधीच काढू नका.

एक गोष्ट अजून खटकते. जिऑग्राफीवर एसटी बफर, म्हणजे बिंदूभोवती ठरावीक अंतराचं वर्तुळ काढणारं फंक्शन, वापरलं तरी आत ते सपाट प्रक्षेपणातच काम करतं. वादळाभोवती मोठं वर्तुळ काढायचं आणि ते १८०वर आलं, की माझा त्याच्यावर भरवसा नसतो. तिथं मी एसटी प्रोजेक्टने, म्हणजे दिशा आणि अंतर दिलं की बिंदू सांगणाऱ्या फंक्शनने, केंद्राभोवती पाच-पाच अंशांच्या दिशांना ७२ बिंदू काढतो आणि वरच्याच कोडमधून जोडून घेतो.